कोरडी सुई

नागिणीचे फोड वाळले, खपल्या गळून पडल्या, आणि त्यानंतर माझं खरं दुखणं सुरू झालं. हे सांगून कोणाला पटत नाही. मागच्या महिन्यात आमच्या रेल्वे क्वार्टरांतली एक बाई माझ्याकडे आली. तिलाही तसंच झालं आहे. "तुमाला कशानं उतार पडला, सांगा की," म्हणाली. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले आणि "पडला हळूहळू" एवढंच बोलले. ती गेल्यावर मला माझाच राग आला.

म्हणून ही वही. परभणीला मुलींच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. बोलायला घसा कोरडा पडतो, लिहायला पडत नाही. लिहून झालं की तिला दुपारी बोलावीन आणि वाचून दाखवीन. दुसऱ्या कोणी वाचावं असं यात काही नाही.

आमचे हे पूर्णा जंक्शनला माल ऑफिसात कारकून आहेत. घरात आम्ही दोघं, सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, आणि आमची शकू. दुखणं आलं तेव्हा शकू सात महिन्यांची होती. लढाई चालू होती. फौजांच्या गाड्या दिवसभर जात-येत आणि ह्यांना घरी यायची वेळ राहिली नव्हती.

*

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. पाठीत डाव्या बाजूला आग होऊ लागली. मला वाटलं, वरवंटा उचलताना चमक भरली. दोन दिवसांनी हात मागे नेला तर बोटाला फोड लागले. ते कण्यापासून निघाले होते आणि बरगडीवरून पुढे येत छातीखाली पोचले. मी कोणाला बोलले नाही. जागाच तशी होती. शकूला डाव्या अंगाला घेतलं की ओठ दाताखाली धरायची. चौथ्या दिवशी चोळी फोडांना चिकटली, ती सोडवताना माझ्या तोंडून किंकाळी निघाली आणि आत्याबाई धावत आल्या.

"अगं बाई, ही तर नागीण! चार दिवस काय मुकी झाली होतीस?"

मग मला भीती बसली. आमच्याकडे सगळे मानतात की नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं, अंगाला वेढा पुरा झाला, की माणूस वाचत नाही. मी रोज सकाळी न्हाणीत बोटांनी मोजायची, पुढे किती जागा उरली आहे. मग उरलेल्या जागेवर हात ठेवून तशीच बसून राहायची. बाहेर शकू रडायची.

हे रेल्वेच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, बाईंना आणा, न बघता कसं सांगू. मी गेले नाही. पुरुष डॉक्टरपुढे ती जागा उघडी करायची, या विचारानेच मला घाम फुटला. त्यांनी लावायला पूड दिली आणि ओल्या फोडांना मूल लागू देऊ नका असं बजावलं.

दवाखान्यात गेले नाही म्हणून आत्याबाईंनी नागीण बांधणाऱ्याला बोलावलं. पुलापलीकडच्या वस्तीतले ते म्हातारे गृहस्थ होते. ते ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसले, मी आत दाराआड. वाटीत तांबडी काव कालवून त्यांनी ती आत्याबाईंच्या हाती दिली आणि बाहेरून सांगू लागले,

"शेपटीकडनं रेघ वढत या. तोंडाशी आलात की गोल करून बंद करा. नवे फोड जिकडं यायलेत तिकडं तोंड. बाई, कुनीकडं यायलेत नवे?"

नवे फोड छातीखाली येत होते. मला ते पक्कं माहीत होतं. पण फळीच्या दाराच्या फटीपलीकडे परका पुरुष बसलेला आणि मी तो शब्द उच्चारायचा? जीभ उचलेना.

"पाठीला," मी म्हणाले.

आत्याबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांनी पुढून रेघ ओढत मागे नेली आणि पाठीवर, कण्याजवळ, गोल काढून तोंड बंद केलं. म्हणजे शेपूट बंद झाली आणि तोंड मोकळं राहिलं.

*

वेढा काही पुरा झाला नाही. तीन आठवड्यांत फोड वाळले. आत्याबाईंनी नारळ फोडला. आणि ठणका मात्र राहिला.

कसा होता ते लिहिते, कारण ज्याला होतो त्याला वाटतं आपल्यालाच वेड लागलं. कोणी मिरचीची पूड चोळावी तशी आग सारखी असायची. मधूनच तापलेला दाभण बरगडीतून आरपार जावा तशी कळ निघायची. जोरात दाबलं तर चालायचं, पण वारा लागला, कापड घासलं, की सहन होत नसे. चोळी घालणं सुटलं. पाण्यातून जाताना बायका निऱ्या वर धरतात तसा मी दिवसभर पदर अंगापासून दूर धरून चालायची.

आत्याबाई म्हणायच्या, "दिसत तर काहीच न्हाई गं. कातडी कशी साफ झालीय. जरा मन घट्ट कर."

त्यांचं तरी काय चुकलं? डाग सोडले तर खरंच काही दिसत नव्हतं. हे पुन्हा दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, फोड गेल्यावरही नसा दुखत राहतात, कधी महिने जातात. हे घरी येऊन तसंच सांगते झाले. पण महिने काढायला शकूला वेळ नव्हता.

डाव्या अंगाला ती लागली की मी ओरडायची, ती दचकून रडायची. शेवटी नुसती उजवीकडे घेऊ लागले. डावीकडचं दूध आटत चाललं. आत्याबाई बोंडल्याने गाईचं दूध घालायच्या. शकू जिभेने ते बाहेर ढकलायची, मान फिरवायची. पोर वाळली. उचललं की हाताला बरगड्या लागायच्या.

एक दिवस न राहवून मी आत्याबाईंना काव लावतानाची गोष्ट सांगितली. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"म्हणजे शेपूट बांधली व्हय आपण? आणि तोंड मोकळं? अगं, मग ती आत कोंडलीय! तुझ्या दुधात उतरली तर?"

त्याच दिवशी त्यांनी ह्यांच्याकडून वालूरला कार्ड लिहवून घेतलं. वालूरला माझ्या नणंदबाई आहेत, अंबावन्सं. लग्नाला बारा वर्षं झाली, पदरी मूल नाही. घरी दूधदुभतं भरपूर. उत्तर आलं ते पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. "संक्रांत झाली की येते. शकूला महिनाभर नेते, बाळसं धरलं की आणून घालते. वहिनीला विश्रांती घेऊ द्या."

वाचून मी तिथेच बसले. महिनाभर हे लिहिण्यापुरतं होतं, हे मला कळत होतं, आत्याबाईंनाही कळत होतं. पोर तिथे रांगायला लागेल, वन्संना आई म्हणेल, मग तिला उचलून आणायला कोणाचे हात होणार? आणि वन्सं वाईट असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिला जिवापलीकडे सांभाळलं असतं.

ह्यांनी विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

मी खाली बघत राहिले. हे बराच वेळ थांबले, मग टोपी घालून ड्यूटीवर गेले. त्या दिवशी ठणक्यापेक्षा माझं तोंड मला जास्त दुखलं.

*

मार्गशीर्ष संपत आला होता. मी मागच्या दारात उन्हाला बसले होते. पॉइंटमनच्या सुनेच्या हातावर तुळस गोंदून यल्लाबाई आमच्या दारावरून चालली होती. ती गोंदणारीण, बरोबर मण्यांची आणि सुयांची टोपली. दर हिवाळ्यात तिच्या लोकांची पालं रुळांपलीकडे पडत. ती दोन पावलं पुढे गेली आणि मागे फिरली.

"नागीन झाली व्हती का गं माय तुला?"

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? पदर बघ कसा धरलायस, इंगळी बसल्यावानी. अजून ठणकायलंय?"

दीड महिन्यात हे असं कोणी विचारलं नव्हतं. मला रडू फुटलं. ती टोपली उतरवून बसली आणि माझं रडणं होईपर्यंत तंबाखू मळत राहिली. मग मी तिला सगळं सांगितलं, काव उलटी लागली तेही. ती मोठ्याने हसली.

"नागीन गेली कवाच. तिचं तोंड कुनीकडं व्हतं न् शेपूट कुनीकडं, आता काय करायचंय? ठणका ऱ्हायलाय. माझी माय गोंदायची तशी ठणक्याला कोरडी सुई बी चालवायची. रंग न्हाई, काय न्हाई. गुडघ्याला, कमरंला, नागिनीमागच्या दुखन्याला. समद्यान्ला गुन येतो असं म्या म्हनत न्हाई. येतो त्याला येतो."

आत्याबाई आतून ऐकत होत्या. ती गेल्यावर म्हणाल्या, "न्हाई हं. तिची सुई गावभर फिरलेली. कुणाकुणाच्या अंगात गेली असंल. आणि आत कोंडलेलीला आणखी टोचून उठवायचं?"

सुईबद्दल त्यांचं म्हणणं मला पटलं. बाकीचं पटलं नाही. मी म्हणाले, "आत्याबाई, मी टोचून घेणार आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पाळण्यातली शकूच बोलली.

यल्लाबाई दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मी सकाळपासून मनात घोकलेलं वाक्य म्हटलं, "सुया नव्या पाहिजेत. आणि उकळून." दवाखान्यात कंपाउंडर सुई उकळून घेतो हे ह्यांनी पाहिलं होतं.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हंजी माझी सुई खराब?"

तरी मी बोलले, "तसं नाही. नव्या तुझ्याच टोपलीतल्या घेते. त्या उकळू."

"लढाईपासून नव्या सुया बघायला मिळंना झाल्यात, म्या चार जपून ठिवल्यात. त्या माझ्याकडनं घेणार न् मलाच टोचायला देणार! लय हुशार हायस की गं लाजरे!" पण फडक्याच्या घडीतून तिने चार सुया काढून दिल्या.

घरात ती यायला नको, मागच्या अंगणात बसा, असं आत्याबाईंनी सांगितलं. यल्लाबाई मोठ्याने म्हणाली, "सुई अंगात चालती, म्या घरात चालत न्हाई व्हय?" थोड्या वेळाने आत्याबाईंनी आपली गोधडी आणून आडोशाला दोरीवर टाकली, खाली चटई टाकली, आणि सुयांचं आधण स्वतः चुलीवर ठेवलं.

मी पाठ उघडी करून बसले. उन्हात, दिवसाढवळ्या. यल्लाबाईने बोट टेकवलं.

"हितं का?"

मी गप्प.

"हितं? अगं, बोल की. तू बोलली न्हाईस तर म्या काय कणकीच्या गोळ्याला टोचायलेय?"

गोधडीपलीकडे आत्याबाई होत्या. शेजारच्या अंगणात भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "डाव्या छातीखाली. तिथून मागं चार बोटं जास्त. मग बरगडीवर कमी. कण्यापाशी पुन्हा जास्त."

शेजारचा भांड्यांचा आवाज थांबला. आभाळ काही कोसळलं नाही. एकदा बोलले तशी मग सुटलेच. खाली. अजून खाली. तिथं नाही. हां, तिथं. इतकं मी लग्न झाल्यापासून एका बैठकीत बोलले नसेन.

डागांवर तिने सुई लावली नाही. डागांच्या कडेने, कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं सोडून, मग मनगटाच्या वर आणि गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला. जरा टोचून सुई उभी ठेवायची आणि तंबाखू मळायला घ्यायची. मळून झाली की सुई काढायची.

"दुखतं बरगडीत आणि सुई पायात?" मी विचारलं.

"आता इचारायला बी लागली! माझ्या मायनं असंच दावलं. का, ते तिला बी ठावं नव्हतं."

सुई लागते तेव्हा मुंगी चावल्यासारखं होतं. मग तिथे जड जड वाटतं, भरून आल्यासारखं.

*

पहिल्या वेळेनंतर ठणका वाढला. दीड दिवस मी कोणाशी बोलले नाही. आत्याबाई "मी म्हटलं होतं" म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी यल्लाबाई आली आणि मी पुन्हा चटईवर जाऊन बसले. दुसऱ्या वेळेनंतर आग होती तेवढीच राहिली, पण दाभणाची कळ दिवसातून चार-पाचदाच आली. मी मोजत होते. तिसऱ्या वेळेनंतर दुपारी शकूशेजारी आडवी झाले. स्टेशनात शंटिंग चाललं होतं, शिट्ट्या वाजत होत्या, आणि मला झोप लागली. जागी झाले तर पदर अंगावर सपाट पडलेला होता आणि मला कळलंही नव्हतं. मी बराच वेळ हलले नाही. हलले तर निघून जाईल असं वाटलं.

एकूण सात वेळा टोचून घेतलं. त्या बाईसाठी इथेच लिहून ठेवते: फोड ओले असताना तिने सुई लावली नसती, असं यल्लाबाई स्वतः म्हणाली. सुया नव्या आणि उकळलेल्या घे. आधी दवाखान्यात जा. मी गेले नाही तो माझा मूर्खपणा. हे म्हणतात की ठणका काळाने गेला असता तसाच गेला, सुईचं निमित्त. असेल. मला तेवढं शास्त्र कळत नाही. सगळा गेला असंही मी लिहिणार नाही. थंडीचा झोंबरा वारा सुटला की अजून ती जागा चुरचुरते. पण पहिली झोप मला त्या चटईनंतर लागली. आणि कुठे दुखतं ते नीट सांगितल्याशिवाय कोणाचाच इलाज चालत नाही, डॉक्टरचा नाही आणि यल्लाबाईचाही नाही. हे मला फार उशिरा कळलं.

*

चौथ्या वेळेनंतर मी शकूला डाव्या अंगाला लावून पाहिलं. ती विसरली होती. मान फिरवली. मी तिला भुकेजली असताना आधी डावीकडेच घेऊ लागले. ओढायची, मग चिडून सोडून द्यायची. दूध येत नव्हतं. दिवसातून पाच-सहा वेळा असं केलं. आत्याबाई बघायच्या, काही म्हणायच्या नाहीत. पाचव्या दिवशी मेथीचे लाडू करून पुढे ठेवले.

संक्रांत झाली आणि अंबावन्सं आल्या. तिळगूळ, शकूला खेळणं, आणि स्वतः शिवलेली रेशमी कुंची, कडेने बारीक जर लावलेली. किती दिवस बसून शिवली असेल. दुसऱ्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरने त्या निघणार होत्या. सकाळपासून मी बोलेन बोलेन म्हणत होते आणि भाकरी थापत होते. आत्याबाईंनी शकूच्या दुपट्यांचं गाठोडं बांधलं. हे सुट्टी काढून घरी होते, दारात उभे होते, आणि माझ्याकडेच बघत होते.

मी हात धुतले. शकूला वन्संच्या मांडीवरून उचललं आणि माजघरात, सगळ्यांच्या मधोमध, मांडी घालून बसले. पदराखाली तिला डाव्या अंगाला घेतलं. ह्यांनी गडबडीने पाठ फिरवली.

आत्याबाई म्हणाल्या, "अगं उजवीकडं घे, गाडीची वेळ झाली."

"डावीकडंच घेणार," मी म्हणाले. "वन्सं, शकू येणार नाही."

"अगं, महिनाभरच की..."

"एक दिवस पण नाही."

सगळं वाक्य बाहेर आलं.

"आणि तुझं दुखणं?" वन्संनी विचारलं.

"आहे. आत्ता पण दुखायलंय. पण ती ओढायलीय आणि दूध यायलंय. या, बघा."

वन्सं उठून माझ्याजवळ येऊन बसल्या. मी पदर बाजूला केला. मी! शकूच्या ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा ओघळ हनुवटीवर आला होता. वन्संनी तो बोटाने पुसला आणि त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग त्या दाराकडे वळून म्हणाल्या,

"दादा, तुझी बायको बोलती की रे!"

"मलाही आजच कळलं," हे पाठमोरेच म्हणाले. आत्याबाई हसू दाबत गाठोडं सोडायला लागल्या.

वन्संनी कुंची काढली, शकू पीत असतानाच तिच्या डोक्यावर घातली, बंद बांधले. मग पुन्हा सोडले, पुन्हा सारखे बांधले. डोळे भरले होते पण आवाज खडा ठेवला. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "दूध कमी पडलं तर मला कार्ड टाकू नकोस. मी काय पुन्हा पुन्हा मोकळी न्हाई."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांचं काय घेतलं मी, ते मला ठाऊक आहे, आणि तरी मला त्या दिवसाचा अभिमान वाटतो. इथे लिहायला हरकत नाही.

कार्ड टाकावं लागलं नाही. पुढची दिवाळी झाली, संक्रांत आली, तोवर शकू प्यायली. दोन्ही अंगांनी.